सुमनताईंच्या वहीतला शब्द

"ह्या बाय येड्यांना नाटक शिकवतात का शान्यांना?"

"आधी शान्यांनाच शिकवीत होत्या. वैतागल्या, मंग हिकडं आल्या."

पायऱ्यांवर बसलेल्या दोन बायकांचं हे बोलणं मी चपला काढता काढता ऐकलं. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. शहापुरात एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या जागेत एक संस्था मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी दिवसाचं केंद्र चालवायची. त्या दोघी आपापल्या माणसांना सोडायला आल्या होत्या. मी तोंड फिरवून न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात दाराआडून एक बाई बाहेर आल्या. बुटक्या, सुती साडी, पाय उघडे.

"वैतागले नाय गो," त्या म्हणाल्या. "शहाणी माणसं पाठ करून बोलतात. ही नाय करत. म्हणून बरी वाटतात." मग माझ्याकडे बघून सरळ पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "तू इंग्लिशवाली ना? ये."

या सुमन विशे. सगळे त्यांना सुमनताई म्हणत. त्या मूळच्या मुरबाड तालुक्यातल्या, धसईजवळच्या. रोज पहिल्या एसटीनं मुरबाडला यायच्या, तिथून दुसरी गाडी पकडून शहापूरला. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या, एक धसईची आणि एक रंगमंचावरची, आणि एकीतून दुसरीत त्या इतक्या सहज जायच्या की कुठली खरी हे मला कधी कळलं नाही. माझ्याकडे एक इंग्रजी होती आणि घरात बोलण्यापुरती मराठी. मी शहापूरचीच, पण बालवाडीपासून इंग्लिश मीडियममध्ये. बाबा पाहुण्यांपुढे मला इंग्रजी वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावत. मानसशास्त्र घेऊन पदवी झाली आणि ही नोकरी लागली: सुमनताईंनी वहीत मराठीत लिहिलेल्या नोंदींवरून दर महिन्याला इंग्रजी रिपोर्ट तयार करायचा. एक प्रत संस्थेच्या ठाण्याच्या ऑफिसला, एक घरच्यांना. माणसांशी फारसं बोलावं लागणार नाही, म्हणून मला ते काम आवडलं होतं.

सुमनताई सगळ्यांच्या आधी यायच्या. बारा-तेरा खुर्च्या गोल मांडायच्या आणि मग प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघायच्या. एकीवर बसून खिडकी थोडी लोटायच्या, दुसरीवरून उठून कॅलेंडर काढून ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांचंही काहीतरी बिनसलंय. शेवटी धीर करून विचारलं.

"नाटकाच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी शिकवलं," त्या म्हणाल्या. "पडदा उघडायच्या आधी शेवटच्या रांगेत कोपऱ्यात जाऊन बसायचं. तिथनं काय दिसतं ते बघायचं. त्या कोपऱ्यातल्या माणसानं पण तिकीट काढलेलं असतं."

"पण इथे तर कोणी बघायला येत नाही."

"येतात की. बाळारामबाबा त्या खुर्चीवर बसतात, त्यांना समोर दार दिसतं. दार दिसलं की मन बाहेर जातं. म्हणून खुर्ची वळवली."

मुंबईला जाऊन नाट्यशास्त्राची पदवी घेतलेल्या त्या त्यांच्या गावातल्या पहिल्याच. अभिनयासाठी गेल्या, पण उंची आणि चेहरा दोन्ही आड आले, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. मिळाल्या त्या मोलकरणींच्या भूमिका, त्याही दारातून परत जाणाऱ्या. मग एका नाटक कंपनीत त्या प्रॉम्प्टर झाल्या. विंगेत उभं राहून विसरलेल्या नटाला पुढचा शब्द हळूच द्यायचा. अकरा वर्षं तेच केलं.

"त्यात काय एवढं?" असं मी विचारलं नव्हतं, पण बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं.

"नट गप्प झाला की दोन गोष्टी असतात," त्या म्हणाल्या. "एक तर तो विसरलाय, नाय तर तो थांबलाय. विसरलेल्याला शब्द दिला नाय तर तो मरतो. थांबलेल्याला दिला तर तो तुला मारतो. ते ओठांवरनं ओळखायचं. इथं तेच करते मी."

आणि खरंच तेच करायच्या. कोणी बोलता बोलता अडलं की बाकीचे मदतीला धावायचे. सुमनताई नुसता तळहात आडवा धरायच्या. अख्खी खोली त्या हाताकडे बघत बसायची. कधी दोन मिनिटं, कधी पाच. मला ते सहन व्हायचं नाही. मी फायलीत डोकं घालायचे. 'छान', 'शाब्बास' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. कोणी रडलं तरी, हसलं तरी, त्यांचं एकच असायचं: "बरं. मग?"

विंगेतून या खोलीत त्या कशा आल्या ते त्यांनी एकदा मुरबाडच्या स्टँडवर सांगितलं. मीटिंग उरकून दोघी एसटीची वाट बघत होतो. त्यांचे वडील गावच्या बोहाड्यात त्राटिका नाचवायचे. बोहाडा म्हणजे देवांचे-राक्षसांचे मुखवटे चढवून गाव नाचतं तो उत्सव. त्राटिकेचा मान त्यांच्या घराकडे. वडील अंगानं किरकोळ, पण मुखवटा चढला की पोरं आईच्या पदरात शिरत. पुढे त्यांना झटका आला आणि वाचा गेली. पाणी मागता येईना. सुमनताई सुट्टी काढून घरी आल्या होत्या. शेजारी कुणाकडे तरी लग्नाचं सांबळ वाजायला लागलं आणि खाटेवरच्या वडिलांनी खांदे उचलले, मान तिरकी केली आणि घशातून त्राटिकेची आरोळी काढली. पुरी. जशीच्या तशी.

"पाणी म्हणता येत नाय, आन् आरोळी येते," सुमनताई म्हणाल्या. "मी डॉक्टरांना विचारलं, हे कसं? ते बोलले, असं होतं कधी कधी. मला तेवढ्यावर समाधान होईना. मंग चाळिशीत पुण्याला जाऊन नाट्योपचाराचा कोर्स केला. वर्गात सगळ्या तुझ्यासारख्या, मानसशास्त्रवाल्या. त्यांना मेंदू पाठ. मला नुसतं नाटक. पयल्या परीक्षेत नापास झाले."

"आणि वडील?"

"गेले. पण जायच्या आधी भाकर मागायला शिकले. त्राटिकेच्या आवाजात." त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. मी ओढणी सारखी करत दुसरीकडे पाहिलं. आता आठवलं की लाज वाटते ती याचीही. पण ही लहान लाज.

खोलीत खेळ सुरू झाला की मी ऑफिसात जाऊन बसायचे. खेळ म्हणजे त्या दिवशी जे ठरेल ते. एकदा खुर्च्यांची धसई-मुरबाड एसटी झाली होती आणि सुमनताईंनी मला हाक मारली, "इंग्लिश, कंडक्टर व्हायला माणूस नाय, ये." माझे कान तापले. "रिपोर्ट राहिलाय," असं म्हणून मी सटकले. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. दार मात्र उघडं ठेवायच्या. मी ते लोटून घ्यायचे.

त्या लोटलेल्या दारापलीकडे गुलाब होती.

गुलाब तिशीची, खर्डीच्या पलीकडच्या एका पाड्यात दिलेली. तिचा उजवा हात खांद्यापासून लोंबायचा. पाठोपाठ दोन मुलं पोटातच गेली आणि त्यानंतर एका सकाळी हात उठला नाही. नसांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं, की मनाच्या दुखण्यानंही हात खरोखर बंद पडतो, ही मुद्दाम करत नाही. नवरा मान हलवून गेला. सासूला पटलं नव्हतं. ऐन लावणीत सुनेचा हात बंद पडतो आणि साठीच्या बाईला वाकावं लागतं, हे तिला कुठल्या डॉक्टरनं पटवावं? तरी संस्थेची जीप खर्डीपर्यंत जायची, म्हणून गुलाबला पाठवत होते. ती यायची, डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसायची. चार महिने.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी सुमनताई खेळ संपवून ऑफिसात आल्या. घाम आलेला, डोळे वेगळेच. वही टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "आजचं नीट लिही हां." आणि गाडी चुकेल म्हणून धावतच गेल्या. वहीत दोनच ओळी होत्या.

"गुलाबने आज पहिल्यांदा सोंग घेतलं. उजव्या हाताची बोटं हलली."

सोंग हा शब्द मला माहीत होता. लहानपणी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायला बघितलं की आजी म्हणायची, सोंगं करू नकोस, ऊठ. मी त्या दोन ओळी दोनदा वाचल्या. अर्थ अगदी सरळ वाटला. मी टाइप केलं: पेशंट वॉज फाउंड टु बी फेकिंग. मूव्हमेंट ऑफ राइट हँड ऑब्झर्व्ड. मला थोडं समाधानही वाटलं होतं, हे लिहायला हवं. वाटलं, बघा, इतके दिवस सगळ्यांना फसवत होती, आणि आपल्या रिपोर्टनं ते उघड झालं. महिनाअखेरीला सुमनताईंनी दारात उभ्या उभ्या अकरा रिपोर्टांवर सह्या केल्या. "तू लिहिलंयस ना? मंग झालं," म्हणाल्या.

आठवड्यानं ठाण्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला. सुमनताईंचे हात पिठानं भरलेले, त्या दिवशी खेळात भाकऱ्या होत्या, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितला.

"ताई, त्या खर्डीच्या बाईंची जीपमधली जागा मी दुसऱ्या पेशंटला दिलीय. नाटक करणाऱ्यांवर किती दिवस डिझेल जाळायचं?"

"नाटक तर सगळेच करतात, साहेब. त्याचसाठी बोलावतो," सुमनताई हसून म्हणाल्या.

"तसं नाही. तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे, ती फेकिंग करताना सापडली. घरच्यांना प्रत गेलीय. नवऱ्यानं गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतली. त्याचाही फोन आला होता, चिडलाय."

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी टेबलाशी, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यांनी पिठाच्या हातानं वही उघडली, स्वतःच्या दोन ओळी वाचल्या आणि मिटली.

"शब्द चुकलाय," त्या म्हणाल्या. "बरोबर करून पाठवते."

"सही करताना वाचलं नव्हतं?"

"नाय वाचलं. सही माझी आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी काय बरोबर लिहायचं ते मला सांगितलं आणि मी टाइप केलं. ही चूक कुणाची, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारलाच नाही. विचारला असता तर मी खोटं बोलले असते, असं मला आज वाटतं. इंग्रजीतली चूक असती तर मी हसून कबूल केली असती. ही मराठीतली होती. शहापुरात जन्मून, आडनावानं इथलीच असून मला एक साधा शब्द कळला नव्हता, हे कुणासमोर बोलायचं?

खोलीत नेमकं काय झालं होतं ते मला बाळारामबाबांनी सांगितलं. बाबा जुने बैलांचे व्यापारी. म्हसा गावची बैलांची जत्रा आयुष्यात चुकवली नव्हती. आता लेकीकडे शहापूरला राहायचे, बायको गेल्यापासून जेवण सोडलेलं.

"जत्रा मांडली व्हती बायनं," ते म्हणाले. "मी बैलवाला. गुलाबला दलालाचं सोंग दिलं. बैलाचा सौदा तोंडानं नसतो पोरी, पंच्याखाली असतो. दोघांनी पंच्यात हात घालायचा आन् बोटं दाबून भाव सांगायचा. बगणाऱ्याला काय दिसत नाय. बायनं तिचा तोच हात उचलून पंच्याखाली ठेवला. मी दाबली तीन बोटं. म्हटलं, बग, पटतं का. लई वेळ काय नाय. बाय हात आडवा धरून बसलेली. आन् मंग..." बाबांनी स्वतःचा पंजा माझ्यापुढे धरला. "मंग माझं तिसरं बोट तिनं परत ढकललं! पोरगी पक्की दलाल. भाव पाडत व्हती!"

"सोंग दिलं म्हणजे?" मी विचारलं.

"सोंग म्हंजे सोंग. बोहाड्यात घेत्यात तसं. तुमच्यात काय बोलतात त्याला?"

भूमिका बोलतात. इंग्रजीत रोल. मला एवढंच करायला हवं होतं, बाहेर जाऊन विचारायचं. किंवा त्या दिवशी दार उघडं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. नव्या नोंदीत सुमनताईंनी लिहिलं होतं, "बाळारामबाबांनी पोस्टमनची भूमिका केली." त्याच्या पुढच्या दिवशीही भूमिका. त्यानंतर त्या वहीत सोंग हा शब्द मला कधीच दिसला नाही. बोलताना त्या तो वापरायच्या, सगळ्यांशी. वहीत नाही. त्यांच्या वडिलांच्या घरातला शब्द त्यांनी माझ्यासाठी काढून टाकला होता, आणि मला एका अक्षरानंही काही म्हटलं नव्हतं. त्या रागावल्या असत्या तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते.

जीपमधली जागा तीन आठवड्यांनी परत मिळाली. पण गुलाब आली नाही. नवऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. सुमनताई रविवारी खर्डीला जायला लागल्या. धसईहून खर्डी म्हणजे तीन गाड्या आणि वर पाऊण तास चाल. पहिल्यांदा अंगणातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा पाणी मिळालं. सोमवारी आल्या की मी विचारायचे, "काय झालं?" त्या म्हणायच्या, "हात आता कोपरातनं पण आखडलाय." बस, एवढंच.

दोन महिने असे गेले. मी रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज संध्याकाळी न सांगताच चपला घालायचे. मग एका शनिवारी त्या सहज म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून त्या नाशिककडच्या एका केंद्रात जाणार, तिथे शिकवायला माणूस हवंय. साहेबांनी त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या मी येऊ का खर्डीला?"

"ये की," त्या म्हणाल्या.

खर्डीला उतरून आम्ही पाऊण तास चाललो. भातकापणी उरकलेली, बांधांवर गवत वाळलेलं. घर लहान, अंगण ताजं सारवलेलं. सासू ओटीवर होती. दारात गुलाब बसून डाव्या हातानं वालाच्या शेंगा निवडत होती. उजवा हात परातीच्या कडेला पडलेला. तिनं एकदा वर बघितलं आणि परत शेंगांकडे.

सासूनं कोरा चहा दिला. तेवढा मान ती पाळायची. मग आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद घेऊन आली आणि ताईंपुढे धरला.

"दर रविवारी येताव. हे काय हाय ते सांगा ना. हिला कोण बोललं सोंगाडी? आमी? आमी तर दवाखाने केलं, देव केलं. तुमच्याच कागदानं बोललं. मास्तरांनी वाचून दाखवलं, अख्ख्या पाड्यानं आयकलं."

"आजी, कागद चुकीचा आहे," सुमनताई म्हणाल्या. "सही माझी आहे. चुकलं माझं."

"तवा सही केली ती खरी, का आता बोलताव ते खरं? एक काय तरी खोटं असंल ना, बाय?"

माझं नाव घेतल्याशिवाय सुमनताईंना याचं उत्तर देताच येणार नव्हतं. त्या मान खाली घालून साडीच्या काठाला चिकटलेली गवताची कुसळं एकेक करून काढायला लागल्या, आणि सारवलेल्या अंगणात पडू नयेत म्हणून डाव्या तळहातात जमवायला लागल्या. पुढे त्या नाशिककडे गेल्या. त्यानंतर फोनवर बोललो, भेट झाली नाही. डोळ्यांसमोर येतात त्या तशाच, ओटीच्या कडेला, तळहातात कुसळं घेऊन. माझ्याकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.

मी उभी राहिले. कशाला उभी राहिले माहीत नाही, शाळेत उत्तर द्यायला राहतात तशी. गुलाबचा डावा हात शेंगांवर थांबला होता.

"आजी, तो कागद ताईंनी नाही लिहिला, मी लिहिला," मी म्हणाले. "ताईंनी लिहिलं होतं, गुलाबनं सोंग घेतलं. बोहाड्यात घेतात तसं. मला तो शब्द कळला नाही आणि मी कुणाला विचारला नाही. गुलाबताई खोटं करत नव्हत्या. त्यांचा हात खरंच हलला होता. खोटं मी केलं, दोन महिने गप्प बसून."